इंग्रजी उच्चार : यंत्राचा कान आणि माणसाचा कान

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. पुस्तके आली, प्रशिक्षणे झाली. उच्चाराचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या पदरात तसाच राहिला. एखादा शब्द कसा म्हणायचा हे विचारायचे कोणाला? छापील शब्दकोशात उच्चाराची चिन्हे असतात, पण ती वाचायला आपल्यापैकी फार थोड्यांना शिकवलेले असते. आज फोनवर ही सोय झाली आहे. शब्द लिहिला की त्याचा उच्चार ऐकू येतो. काही साधने तर आपला उच्चार ऐकून त्याला गुणही देतात.

या साधनांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्यांची जाहिरात जेवढी होते तेवढे परीक्षण होत नाही. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आपण काही प्रश्न विचारतो. हे नेमके काय मोजते? त्याचा शून्य कोठे धरला आहे? ते कशाशी ताडून पाहिले आहे? तापमापीला विचारायचे हे प्रश्न उच्चारमापीलाही विचारले पाहिजेत. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

शब्दकोशाचा आवाज

पहिला प्रकार ऑनलाइन शब्दकोशांचा. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन्ही प्रकाशनांचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. शब्दापुढे ध्वनिवर्धकाचे चित्र असते. एक ब्रिटिश उच्चाराचे, दुसरे अमेरिकन उच्चाराचे. ध्वनिमुद्रण स्वच्छ असते आणि उच्चार जाणकारांनी तपासलेला असतो. एका शब्दाबद्दल शंका आली तर प्रथम येथेच जावे.

मात्र हा आवाज कोणाचा, हे विसरू नये. ब्रिटिश उच्चारकोशांची परंपरा लंडनमधील ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्या १९१७ सालच्या कोशापासून सांगता येते. जोन्स यांनी त्यात दक्षिण इंग्लंडमधील, मोठ्या निवासी खासगी शाळांत शिकलेल्या पुरुषांच्या घरांतली बोली नोंदवली होती. उच्चार सुधारण्याचा किंवा चांगले-वाईट ठरवण्याचा आपला हेतू नाही, हेही त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले होते. पुढच्या लोकांनी मात्र नोंदीचा नियम केला. एका वर्गाच्या बोलीचे वर्णन ‘शुद्ध उच्चार’ म्हणून जगभर शिकवले गेले.

आपल्या रोजच्या ‘क्लास’ या शब्दाचेच पाहा. लंडनच्या उच्चाराप्रमाणे तो ‘क्लास’, अमेरिकन उच्चाराप्रमाणे ‘क्लॅस’च्या जवळ जाणारा. याउलट ‘कार’मधला शेवटचा ‘र’ आपण म्हणतो, अमेरिकनही म्हणतो, पण लंडनचा शब्दकोश तो गाळतो. म्हणजे तेच मूल एका तराजूवर एका शब्दात बरोबर आणि दुसऱ्या शब्दात चूक ठरते. तराजू बदलला की निकाल उलटतो.

दुसरी मर्यादा आपल्या वापरातली आहे. शब्दाच्या कोणत्या अवयवावर आघात द्यायचा, हे दाखवण्यासाठी कोशात त्या अवयवाच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ऐकण्याची सोय झाल्यापासून ही रेघ कोणी पाहत नाही. चित्र दाबले, ऐकले, पुढे गेले. आघात कानाला नीट कळत नाही, कारण मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि आपला कान त्याकडे लक्ष देण्यास शिकलेला नसतो. जी गोष्ट कान टिपत नाही ती कागदावर डोळ्यांना दाखवावी लागते. कोशाने ती दाखवलेलीच आहे, ती पाहण्याची सवय लावणे आपले काम आहे.

अनेकांचे आवाज

दुसऱ्या प्रकारची साधने एका आवाजाऐवजी अनेक आवाज देतात. ‘फोर्व्हो’ हे २००८ साली स्पेनमध्ये सुरू झालेले संकेतस्थळ आहे. जगभरचे लोक आपापल्या भाषेतले शब्द म्हणून तेथे जमा करतात. प्रत्येक आवाजाबरोबर बोलणारा कोणत्या देशाचा हे लिहिलेले असते. ‘यूग्लिश’ची रीत वेगळी आहे. आपण शब्द लिहिला की यूट्यूबवरील ज्या चित्रफितींत तो शब्द प्रत्यक्ष बोलला गेला आहे त्या, नेमक्या त्या वाक्यापासून, एकामागून एक दाखवल्या जातात.

वर्गासाठी आम्हाला हा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो. याचे कारण असे की शब्द एकटा कधी बोलला जात नाही. इंग्रजी वाक्यात ‘कॅन’, ‘फ्रॉम’, ‘अँड’ यांसारखे छोटे शब्द इतके आखडतात की शब्दकोशात ऐकलेला त्यांचा पूर्ण उच्चार तेथे ओळखूही येत नाही. वीस माणसांच्या तोंडून शब्द ऐकला की दोन गोष्टी कळतात. कोणता भाग माणसागणिक बदलतो आणि कोणता भाग सगळ्यांत टिकून राहतो. जो टिकतो तो शब्दाचा कणा. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. एका वाचनापेक्षा अनेक वाचने घ्यावीत असे आपणच मुलांना सांगतो.

दोष आहेतच. फोर्व्होवरील प्रत्येक ध्वनिमुद्रण तज्ज्ञाने तपासलेले नसते. यूग्लिशमध्ये पुढे कोणती चित्रफीत येईल याचा नेम नाही, म्हणून शिक्षकाने आधी पाहून ठेवल्याशिवाय ती वर्गात लावू नये.

याच गटाशेजारी बीबीसीच्या इंग्रजी शिक्षण विभागाच्या चित्रफिती ठेवता येतील. त्यांत एकेक ध्वनी घेऊन ओठ, दात, जीभ यांची ठेवण दाखवली आहे. आवाज ऐकून जे उमगत नाही ते तोंड पाहून पुष्कळदा उमगते. ‘डब्ल्यू’साठी ओठांचा चंबू होतो आणि ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, हे एकदा दिसले की आपला एकच ‘व’ दोन्ही ठिकाणी का पुरत नाही ते मुलांना समजते.

गुण देणारे यंत्र

तिसरा प्रकार सर्वांत नवा आणि सर्वांत आकर्षक. २०१९ साली गूगलने आपल्या शोधयंत्रात उच्चाराचा सराव करण्याची सोय आणली. शब्द म्हणावा, यंत्राने काय ऐकले ते सांगावे. सुरुवात अमेरिकन इंग्रजीने झाली. त्याच वर्षी त्यांनी भारतातील मुलांसाठी ‘बोलो’ हे मोठ्याने वाचून घेणारे ॲप काढले. पुढे त्यात मराठीही आली. ‘एल्सा’ हे उच्चारासाठीच बनवलेले ॲप अमेरिकन इंग्रजीचा नमुना समोर ठेवते आणि आपला उच्चार मातृभाषकाशी किती टक्के जुळला असा आकडा दाखवते.

हा आकडा येतो कोठून? आवाजाचे सुमारे १० मिलिसेकंदांच्या पायरीने तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा आहे हे मोजले जाते. यंत्राला आधी हजारो तासांचे बोलणे ऐकवून, कोणत्या ध्वनीच्या वेळी ऊर्जेची वाटणी कशी असते हे शिकवलेले असते. आता समोर ‘टी’ हा ध्वनी अपेक्षित असेल तर यंत्र पाहते की हा तुकडा ‘टी’ असण्याची शक्यता किती आणि दुसराच एखादा ध्वनी असण्याची किती. दोहोंच्या तुलनेवरून गुण ठरतो. विट आणि यंग या केंब्रिजच्या संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत अशीच आहे, आणि तिची अनेक रूपे आजही वापरात आहेत.

म्हणजे यंत्र ‘बरोबर की चूक’ असे मोजत नाही. ते मोजते ‘ज्यांच्याकडून मी शिकलो त्यांच्याशी सारखेपणा’. शिकवताना ज्यांचे बोलणे वापरले त्यांत आपल्यासारखे लोक कमी असतील तर आपला उच्चार त्याला अनोळखी वाटेल. ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० साली पाच मोठ्या कंपन्यांची वाक्-ओळख यंत्रे तपासली. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे सुमारे १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात सुमारे ३५. दोन्ही गटांची मातृभाषा इंग्रजीच! आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२३ साली ‘स्वराह’ नावाचा भारतीय इंग्रजीचा संग्रह केला. ६५ ठिकाणच्या ११७ भारतीयांचे मिळून ९.६ तासांचे बोलणे त्यात आहे. त्यावर यंत्रे तपासली तेव्हा भारतीय उच्चारांच्या बाबतीत सुधारणेला बराच वाव आहे असे दिसले.

आता वर्गात काय होते ते पाहू. मराठी मूल इंग्रजी ‘टी’साठी जीभ मागे वळवून ‘ट’ म्हणते. इंग्रज हा ध्वनी दातांमागच्या हिरडीवर करतो. तो आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधला. ‘थिंक’मध्ये मूल ‘थ’ म्हणते, इंग्रज तेथे जीभ दातांत धरून हवा घासत सोडतो. अशा ध्वनींवर यंत्र बोट ठेवते आणि गुण कापते. मूल दहा वेळा प्रयत्न करते. तेच मूल ‘थर्मॉमिटर’ शब्दाचा आघात चुकीच्या जागी देते, आणि सुटा ध्वनी तपासणाऱ्या यंत्राच्या ते लक्षातही येत नाही. श्रम एका ठिकाणी खर्च होतात, अडचण दुसऱ्या ठिकाणी राहते. सारखे कमी गुण पडणारे मूल अखेरीस काय करते, हे शिक्षकांना सांगायला नको. ते बोलणेच थांबवते. आमचा या साधनांवरील मुख्य आक्षेप हाच आहे.

ऐकणारा कोण?

उच्चाराचा हेतू समोरच्याला कळणे हा आहे असे मानले, तर मोजायचे ते कळणे. हे मोजण्याचे काम आपल्याच देशातील एका अभ्यासकाने पूर्वी केले आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी भारतीयांच्या इंग्रजी बोलण्याचे नमुने निरनिराळ्या देशांच्या श्रोत्यांना ऐकवले आणि त्यांना किती समजले हे तपासले. ‘भारतीय इंग्रजीची सुबोधता’ या विषयावरचा त्यांचा हा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या कारणांत शब्दावरील आघात चुकणे हे एक महत्त्वाचे कारण त्यांना आढळले. पुढे १९७२ साली जे. बी. हॅरिसन यांच्याबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी भारतीयांसाठी इंग्रजी उच्चाराचा आपला नमुना मांडला. लंडनची नक्कल करावी असा त्यांचा आग्रह नव्हता. सर्वत्र समजेल असे भारतीय इंग्रजी हे त्यांचे उद्दिष्ट होते.

दुसरे नाव जेनिफर जेन्किन्स यांचे. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशी माणसे एकमेकांशी इंग्रजीत बोलताना कोठे अडतात, हे त्यांनी पाहिले आणि २००० साली पुस्तकरूपाने मांडले. ‘थिंक’मधला ध्वनी बदलला तरी फारसे बिघडत नाही, असे त्यांना दिसले. बिघडते ते स्वरांची लांबी चुकल्याने, शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी-टी-के’ या ध्वनींत हवेचा झोत नसल्याने, जोडव्यंजनांतील एखादे व्यंजन गाळल्याने आणि वाक्यातील महत्त्वाचा शब्द ठसठशीत न म्हटल्याने.

शब्दातील आघाताला मात्र जेन्किन्स यांनी बन्सल यांच्याइतके महत्त्व दिले नाही. हा विरोध वाटतो, पण त्याचे कारण श्रोत्यांत आहे. बन्सल यांच्या श्रोत्यांत इंग्रजी मातृभाषा असलेले लोक होते आणि त्यांचा कान आघातावरूनच शब्द ओळखतो. जेन्किन्स यांच्या संभाषणांत दोन्ही बाजूंचे लोक परभाषक होते. तेव्हा ऐकणारा कोण हे ठरल्याशिवाय उच्चाराला गुण देता येत नाहीत. यंत्राच्या टक्केवारीत हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

मराठी तोंडाचा प्रश्न

बहुतेक साधने साऱ्या जगासाठी एकच धडा देतात. मराठी मुलाची सुरुवात कोठून होते हे त्यांना ठाऊक नसते. ते शिक्षकाला ठाऊक असते, आणि येथेच शिक्षक यंत्राच्या पुढे जातो.

हवेच्या झोताचेच घ्या. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील अशा व्यंजनांची मापे प्रसिद्ध केली. त्या अकरांत मराठी होती! तोंडात अडवलेली हवा सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो हे त्यांनी मोजले. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’मध्ये हा वेळ सरासरी ५८ मिलिसेकंद, ‘टी’मध्ये ७० आणि ‘के’मध्ये ८० भरला. मराठी ‘प’मध्ये तो शून्याच्या आसपास. इंग्रजी ‘बी’मध्येही तो जवळजवळ शून्यच. म्हणून आपण मराठी ‘प’ने ‘पिन’ म्हटले की इंग्रजी कानाला ‘बिन’ असा भास होऊ शकतो.

गंमत अशी की इंग्रजाला जे सवयीने येते ते आपल्याला वर्णमालेतच मिळालेले आहे. क-ख, ट-ठ, प-फ हा भेद झोताचाच. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘कण’ आणि ‘खण’ म्हणावे. ‘ख’ला पट्टी हलते. इंग्रजी ‘कॅट’च्या आरंभी तिला थोडे हलवायचे आहे, एवढे सांगितले की मुलाला कळते. ‘फ’च्या बाबतीत मात्र सांभाळावे. आज पुष्कळ जण ‘फळ’मधला ‘फ’ दात ओठाला लावून म्हणतात, त्यामुळे ‘पिन’चे ‘फिन’ होईल.

स्वरांच्या लांबीचेही तसेच. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार सहसा दीर्घ होतो : बहीण, कठीण, फूल. हीच सवय इंग्रजी शब्दांना लागते आणि ‘बिल’चे ‘बील’ होते. मग ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे, यांत फरक उरत नाही. हा आळस नव्हे, मराठीचा नियम इंग्रजीवर चालवणे आहे. असे कारण समजावून दिले तर मूल खट्टू होत नाही.

आणि आघात? त्याचा पुरावा आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. आपण ‘ॲटम’ लिहितो, पण ‘ॲटॉमिक’. ‘मॅग्नेट’, पण ‘मॅग्नेटिक’. ‘ऑर्गन’, पण ‘ऑर्गॅनिक’. ‘ॲटम’मधला पुसट ‘अ’ ‘ॲटॉमिक’मध्ये ठळक ‘ऑ’ का झाला? कारण ‘इक’ जोडल्यावर आघात त्याच्या अलीकडच्या अवयवावर सरकला, आणि आघात असलेलाच स्वर इंग्रजीत पूर्ण उच्चारला जातो. आपल्या पूर्वीच्या लेखकांनी कानाने ऐकून हे नेमके टिपले. तसेच ‘थर्मॉमिटर’, ‘बॅरॉमिटर’ या उपकरणांच्या नावांत आघात ‘मिटर’च्या अलीकडच्या अवयवावर असतो, ‘मिलिमीटर’, ‘सेंटिमीटर’ या एककांत तो पहिल्या अवयवावर. ‘किलोमीटर’ दोन्ही प्रकारांनी म्हटले जाते. हे शब्द असे शेजारी मांडले की नियम दिसू लागतो. एकेक शब्द ऐकवणाऱ्या साधनांत हे शेजार मिळत नाहीत. ते शिक्षकाने मांडावे लागतात.

वर्गासाठी सूचना

या सर्वांवरून आम्हाला पुढील क्रम योग्य वाटतो. आठवड्याला आपल्याच धड्यांतले आठ-दहा शब्द घ्यावेत, शक्यतो एका कुळातले. शब्दकोशात त्यांची आघाताची रेघ पाहून फळ्यावर त्या अवयवाखाली रेघ ओढावी. मग यूग्लिशवर निवडून ठेवलेली दोन-तीन वाक्ये ऐकवावीत. प्रथम नुसते ऐकणे, ओळखणे, म्हणणे नंतर. ‘लिव्ह’ की ‘लीव्ह’ हे ऐकून हात वर करण्याचा खेळ पाच मिनिटांत होतो.

शाळेत संगणक असेल तर ‘प्राट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केले आहे. ते गुण देत नाही, आवाजाचा आलेख दाखवते. ‘पिन’ मराठी पद्धतीने आणि झोत देऊन म्हणावे आणि मधला वेळ मुलांनी स्वतः मोजावा. ध्वनी हा पदार्थविज्ञानाचा धडा आणि इंग्रजीचा तास येथे एकत्र येतात.

गुण देणारी ॲप वापरायची तर ती शेवटी, आणि आकडा झाकून. यंत्राने ‘चूक’ म्हटलेला शब्द दुसऱ्या तुकडीतील मुलांना ऐकवावा. त्यांनी तो बरोबर लिहिला, तर निदान या श्रोत्यांपुरता उच्चार पोचला. त्यांचाही कान मराठीच असल्यामुळे ‘लिव्ह-लीव्ह’सारख्या जोड्यांत ही कसोटी अपुरी पडेल, तेथे शब्दकोशाचाच आधार घ्यावा. परीक्षेतील तोंडी गुणांसाठी मात्र यंत्राचा आकडा कधीही वापरू नये. शिवाय मुलाचा आवाज ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ॲप उघडण्याआधी पालकांना विचारावे.

शिक्षकांच्या मनात एक संकोच असतो, की आपलाच उच्चार शुद्ध नाही तर आपण काय शिकवणार? या संकोचापायी कित्येक जण वर्गात इंग्रजी बोलतच नाहीत आणि फोनचा आवाज पुढे करतात. आम्हाला वाटते, मुलांना रोज ऐकू येणारे जिवंत इंग्रजी शिक्षकाचेच असते आणि तेच त्यांच्या सर्वांत उपयोगाचे आहे. ते लंडनसारखे असण्याची गरज नाही. आघात जागेवर, स्वरांची लांबी राखलेली आणि वाक्य सावकाश, एवढे पुरे.

आपल्या विषयातील अशा शब्दकुळांच्या याद्या वाचकांनी जरूर करून पाहाव्यात. वर्गात कोणते शब्द अडले, कोणत्या उपायाने सुटले, हे आम्हाला कळवल्यास इतर शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल.